सुपडाबाईचा उखर्डू

सुपडाबाईचा आवाज सात वर्षांच्या पोराचा होता आणि स्वभाव फौजदाराचा. वय पन्नाशीच्या पुढे, अंगापिंडाने चांगली थोराड, कपाळावर रुपयाएवढं गोंदण, आणि तोंड उघडलं की आतून एखादं खट्याळ पोर बोलायचं. पारोळ्यात कुणाकडे लग्नकार्य निघालं की मांडे करायला तिलाच बोलावणं जाई. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि पेटत्या चुलीवरच्या उलट्या खापरावर अलगद पसरायचा, हे तिचं काम. नवीन गिऱ्हाईक दारातून हाक मारी आणि आतून आलेलं ‘कोन शे?’ ऐकून म्हणे, ‘बेटा, घरमा मोठं मानूस कोनी शे का?’ मग ही बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राही. ‘मीच मोठी शे. बोल, कितला मांडा पायजेत?’

त्या आवाजावरून तिला जन्मभर लोक हसले. तिने कधी खाली मान घातली नाही. उलट जो हसेल त्याच्याशी ती मुद्दाम जास्त बोलायची.

माझं तेव्हा बाजारपेठेच्या तोंडाशी एस.टी.डी. बूथ होतं. मी बन्सीलाल, लोक बन्सीभाऊ म्हणत. माझ्या काचेच्या खोलीला लागूनच हिलालचं केबलचं ऑफिस. ऑफिस म्हणजे दोन व्हीसीआर, एक टीव्ही, गुंतवळासारख्या वायरी आणि मागे गोणपाट लावलेली एक खोली. आमच्या दोघांत प्लायवुडची एकच भिंत होती, त्यामुळे तिकडे शिंक आली तरी मला कळायचं. ही गोष्ट त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची.

हिलाल सुरतेला गेला की कॅसेटी घेऊन यायचा. एकदा त्याने एका परदेशी कार्टूनच्या कॅसेटींचा पुडाच आणला. निळा अंगरखा घातलेला एक हवेत उडणारा वीर आणि त्याचा शत्रू म्हणजे एक बारकं भूत. भूत लहान मुलाचं. अनवाणी, गुडघ्यापर्यंत लोंबणारा सदरा, डोळे बशीएवढे. ते कुणाला मारत नव्हतं, कापत नव्हतं, नुसत्या खोड्या करत होतं. पोलिसाची टोपी पळव, दोरीवरचे कपडे उडव, अख्ख्या शहराचे दिवे घालव. मग तो वीर यायचा, त्याला पकडून काचेच्या बरणीत कोंबायचा आणि झाकण लावायचा. पुढच्या भागात भूत बाहेर.

सगळं छान होतं, पण भाषा कुणाला कळत नव्हती. हिलाल म्हणे जपानी आहे, सुकदेव म्हणे रशियन. सुकदेव म्हणजे एस.टी.तला कंडक्टर, भजनात खडा आवाज लावणारा. हिलालने डोकं चालवलं. मूळ आवाज बंद करायचा, समोर माइक ठेवायचा आणि चित्र चालू असताना आपणच आपल्या अहिराणीत बोलायचं. दर रविवारी संध्याकाळी, थेट. वीराचं नाव ठेवलं पवनशूर आणि त्याचा आवाज सुकदेवचा. तो पवनशूर आकाशातून उतरताना असा ओरडायचा की धुळे गाडी फलाटाला लागल्यासारखं वाटावं.

भुताचा आवाज पहिल्या रविवारी हिलालने स्वतः काढला. नाक दाबून. गावातली पोरं इतकी हसली की सोमवारी त्याला चहाच्या टपरीवर जाता येईना. आणि त्याच सोमवारी सुपडाबाई भांडायला आली. हिलालच्या माणसांनी केबलची वायर तिच्या पत्र्यावरून ओढली होती.

‘तुन्ही तार मन्हा घरवरतीन काढ! मन्हा पत्रा का तुन्हा बापना शे?’

हिलालने वर पाहिलं आणि भिंतीपलीकडून मला त्याची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. ‘अक्का,’ तो म्हणाला, ‘बठ. जरा बठ ना.’ वायर काढून घेईन, पण रविवारी एवढं कर, असं त्याने हातापाया पडून सांगितलं. भांडायला आलेली बाई भूत होऊन परत गेली.

भुताचं नाव तिनेच ठेवलं. उखर्डू. आमच्याकडे या नावाचं एक तरी माणूस गल्लीत सापडतंच. ज्या घरात पोरं वाचत नाहीत, तिथे नवं पोर झालं की त्याला सुपात घालून उकिरड्यापर्यंत ओढत न्यायचं आणि तिथे टाकून यायचं. शेजारीण ते उचलते आणि आई तिच्याकडून मूठभर ज्वारी देऊन विकत घेते. मरण आलं तर त्याला वाटावं, हा कचरा आहे, याला काय न्यायचं. अशा पोराचं नाव मग उखर्डू नाहीतर सुपडू, मुलगी असेल तर सुपडाबाई. गोंडस नाव कुणी ठेवत नाही. ते मरणाच्या नजरेत भरतं.

माइकपुढे बसल्यावर ती पहिल्याच रविवारी तिथे जन्मल्यासारखी बोलायला लागली. पडद्यावर भुताने पोलिसाची टोपी उचलली की ती म्हणे, ‘ओ फौजदार, गूळ दे, नही ते बठ्ठा गावले टक्कल दखाडस!’ पवनशूर बरणी घेऊन आला की ती ओरडे, ‘बरनीमा लोनचं ठेवतस रे येड्या, पोऱ्या नही!’ त्या उंच उंच इमारतींच्या शहरात उखर्डू कैऱ्या पाडायचा, बैलाच्या शेपटीला डबा बांधायचा, मास्तरच्या खुर्चीवर खाजकुइली टाकायचा. चित्रात भलतंच चाललेलं असे, पण तिच्या बोलण्यापुढे चित्राला कोण विचारतंय! सुकदेव बिचारा घाम पुसत म्हणे, ‘अक्का, माले बी जिकू दे ना कधी.’ ती म्हणे, ‘चित्रमा जिकस ना? तितलं बस.’

पोरं वेडी झाली. रविवारी संध्याकाळी बाजारपेठ रिकामी पडायची. माझ्या बूथवर चिटपाखरू नसे, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नव्हतं, कारण मी पण भिंतीला कान लावून बसलेला असायचो. सुपडाबाई त्या दिवशी न्हाऊन, इस्त्रीचं लुगडं नेसून यायची. जन्मभर ज्या आवाजाने तिला हसं केलं होतं, त्याच आवाजासाठी आता गाव खोळंबून बसायचं. आठवड्यातले सहा दिवस ती चुलीच्या धगीत असे, पण रविवारी तिचा चेहरा बघून डोळे निवायचे.

गावात सज्जन माणसं असतात, हीच अडचण आहे. आमच्याकडे यादवशेठ होते. कापडाचं मोठं दुकान, शाळा समितीचे अध्यक्ष, बोलणं नेहमी हळू आणि शुद्ध. हिलालच्या केबलवर त्यांच्या दुकानाची जाहिरात दिवसभर फिरायची. हिलालचा धंदा तिच्यावरच उभा होता. पोरं घरात उखर्डूसारखी उलट उत्तरं द्यायला लागली तशा त्यांच्याकडे तक्रारी गेल्या. एका मुलाने म्हणे गावाला टक्कल दाखवण्याची धमकी देऊन हेडमास्तरांकडे गूळ मागितला. मी ऐकलं तेव्हा मला त्या मुलाला बोलावून पेढा द्यावासा वाटला.

शेवटची कॅसेट उरली होती. हिलालने ती आधी लावून पाहिली, तेव्हा यादवशेठ त्याच्या शेजारी बसले होते. शेवटी ते भूत पवनशूरपुढे गुडघे टेकतं, हात जोडतं, रडतं, बराच वेळ काहीतरी बोलतं. मग पवनशूर त्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि भूत धुरासारखं विरून जातं. ते काय बोलतं हे देवाला ठाऊक. यादवशेठनी ठरवलं.

‘इथे त्याने माफी मागायची,’ ते म्हणाले. ‘मी चुकलो, यापुढे मोठ्यांचं ऐकेन, खोड्या करणार नाही. मुलांपर्यंत हे गेलं पाहिजे. एवढे दिवस आपण त्यांना बिघडवलं, आता शेवट तरी चांगला करू.’

हिलाल हो म्हणाला. त्याला दुसरं काय म्हणता येणार होतं!

सुपडाबाईला निरोप त्याने माझ्या बूथसमोरच दिला. ती बाकावर बसली होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘उखर्डू माफी मांगस नही.’

‘अक्का, एकच वाक्य शे.’

‘त्यानी करेल काय शे? टोपी लिधी, ती परत दिधी. कैरी लिधी, ती खादी. याले का गुन्हा म्हनतस?’

हिलालने शेठचं नाव काढलं, जाहिरातीचं सांगितलं. मग हळूच असंही म्हणाला की शेठच्या भाऊबंदांत या उन्हाळ्यात लग्नं खूप आहेत, मांड्यांचं काम कुणाला द्यायचं ते शेठच ठरवतील. ती उठली, पदर झटकला आणि ‘मंग त्यास्ले सांग, चपात्या खा,’ असं म्हणून चालायला लागली.

हिलाल आत गेल्यावर मी तिला हाक मारून परत बसवलं. मला वाटत होतं हा नुसता हट्ट आहे. म्हटलं, अक्का, खेळच आहे ना, बोलून टाक आणि मोकळी हो. तेव्हा तिने सांगितलं.

‘मन्हा पहिले पाच भाऊबहिनी व्हतात, बन्सीभाऊ. एकले बी दात ऊना नही. नाल्याकाठे पुरी दिधं बठ्ठास्ले. मन्ही मायनी त्यास्नं नाव बी लिधं नही कधी. नाव लिधं ते मी बी जासू, असं तिले वाटे.’ ती बोलताना बाजारपेठेकडे बघत होती. ‘पितरंना पंधरवडामा कावळाले घास ठेवतस, तो मोठास्ले. पोरेस्ले कोन ठेवस? त्यास्नी कधी कैरी पाडी नही, बैलले डबा बांधा नही. येळच भेटना नही. त्यास्न्या खोड्या मी करी ऱ्हायनू, माइकमा. आनि मी माफी मांगू? कोनले?’

ती गेली. मी चहा मागवला आणि तसाच थंड होऊ दिला. आमच्या घरातही एक होती, माझ्या आधीची. तिच्याबद्दल कुणी बोलायचं नाही, हे मला कुणी न सांगताच माहीत होतं.

शेवटच्या रविवारी मला वाटलं ती येणार नाही. ती आली. तेच इस्त्रीचं लुगडं, केसात अबोलीची वेणी. हिलालने तिच्याकडे आशेने पाहिलं, तिने त्याला काही विचारूही दिलं नाही. सुकदेव ड्यूटीवरून थेट आला होता, खाकीतच. मी बूथ उघडं टाकून त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

चित्र सुरू झालं. पहिला अर्धा भाग तिने असा रंगवला की बाहेरच्या गल्ल्यांमधून हसण्याचे लोट येत होते. मग पवनशूर उतरला, झटापट झाली आणि पडद्यावरच्या भुताने गुडघे टेकले. हात जोडले. त्या बशीएवढ्या डोळ्यांत पाणी आलं. हिलाल तिच्या कानाशी पुटपुटला, ‘मी चुकनू... म्हन अक्का, मी चुकनू...’

सुपडाबाईने माइक तोंडाजवळ ओढला.

‘हात जोडेल शेत म्हनीसन माफी मांगस, असं समजू नका,’ उखर्डू म्हणाला. ‘माले थंडी वाजी ऱ्हायनी, हात चोळी ऱ्हायनू. डोळामा पानी शे, ते धुरानं शे. आनि मी एकला नही. आमी पाच भाऊबहिनी. आमनी कोनी टोपी लिधी नही, कोनी कैरी खादी नही. दात येवाना पहिलेच नाल्याकाठे पुरी दिधं. आमले नाव बी नही. आते माफी कोनी मांगानी, ते तुमीच सांगा.’

हिलालने झडप घालून आवाज बंद केला. पडद्यावर भुताचं तोंड नुसतंच हलत राहिलं. एरवी अशा वेळी पोरं ओरडतात, आवाज द्या म्हणून. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही.

यादवशेठचं दुकान चार पावलांवर. ते आले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच मी मोठा झालेला ऐकला. ‘हे काय अभद्र बोलणं? लहान मुलं बघताहेत! घराघरात दिवेलागणीची वेळ, आणि तुम्ही मेलेल्या पोरांची नावं काढता?’

‘नावं नहीच शेत, शेठ,’ सुपडाबाई म्हणाली. ‘नावं कोठेन काढसू?’

‘कॅसेट मागे घे,’ शेठ हिलालला म्हणाले. ‘जिथे ते गुडघे टेकतं तिथपर्यंत. पुन्हा लाव. आणि बाई, आता मी इथे उभा आहे. माफी मागायची, एका वाक्यात. नाहीतर उद्यापासून हे केबल बंद आणि तुमची चूल पण.’

व्हीसीआर घुरघुरत कॅसेट मागे घ्यायला लागला. सुकदेव भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हणालो, ‘शेठ, तुम्ही हिची चूल बंद करणारे कोण?’ त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि तेवढ्यात माझ्या बूथमधला फोन वाजला.

फोन शेठच्या घरून होता. त्यांच्या आई रुक्माबाई. ऐकायला कमी यायचं, म्हणून फोनवर त्या ओरडून बोलत. रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला तरी ऐकू यायचं. ‘यादव तठे शे का? दे त्याले.’

मी शेठना बोलावलं. ते बूथमध्ये आले, रागातच. ‘आई, मी बघतोय इथलं. तू काळजी करू नको, आता माफी...’

‘यादव,’ म्हातारी म्हणाली, आणि ते मला, हिलालला, दारात येऊन उभ्या राहिलेल्या सुपडाबाईला, सगळ्यांना ऐकू आलं. ‘तुन्हा पहिले एक व्हता. आठ महिनाना.’

शेठनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

‘तुन्हा आबानी सांगं, त्यानं नाव काढानं नही. मी काढं नही. चाळीस वरीस काढं नही. दे तिले फोन.’

यादवशेठनी रिसीव्हर पुढे केला. हात कसा पुढे गेला हे त्यांना तरी कळलं होतं की नाही कोण जाणे. सुपडाबाईने तो घेतला.

‘बोल माय.’

मग म्हातारी एकदम हळू बोलली, आणि हळू बोलली तरी ओरडल्यासारखंच ऐकू आलं. ‘जेवना का रे, भाऊ?’

मी काचेकडे तोंड केलं. सुपडाबाईच्या चेहऱ्याकडे बघणं मला जमलं नाही. तिने उत्तर दिलं ते त्याच आवाजात, पण त्यात खोडी नव्हती. ‘जेवनू माय. पोट भरीसन जेवनू.’

‘मन्हा पोऱ्याले बी लई जाय संगे. तुम्हा पाचमा.’

‘लई जास.’

‘आनि ऐक,’ म्हातारीचा आवाज पुन्हा चढला. ‘तो माफी मांगस नही. सांगी ठेवस.’

फोन बंद झाला. सुपडाबाईने डोळे पुसले नाहीत, नाक तेवढं पदराला पुसलं आणि माझ्याकडे पैसे लागतील का म्हणून पाहिलं. मी म्हणालो, आलेल्या फोनला लागत नाहीत. ती शेठना वळसा घालून हिलालच्या खोलीत गेली.

यादवशेठ माझ्या बाकावर बसले. एवढ्या वर्षांत ते माझ्या बाकावर कधी बसले नव्हते. कॅसेट मागे येऊन थांबली होती. हिलाल दारातून दोनदा म्हणाला, ‘शेठ, काय करू?’ ते बूथमधल्या फोनकडेच बघत होते. सगळं गाव टीव्हीपुढे बसलेलं, पडदा काळा. शेवटी त्याने बटण दाबलं आणि आवाजाची कळ, मी स्वतः पाहिलं, पूर्ण वर नेली.

भुताने गुडघे टेकले. हात जोडले. सुकदेवने माइक उचलून तिच्यापुढे धरला.

‘मघाशी चुकनू,’ उखर्डू म्हणाला, आणि बाकावर यादवशेठनी मान वर केली. ‘पाच सांगं. पाच नही, आमी सहा शेत. आनि सहामाईन एक बी माफी मांगस नही.’